सांडवा नसलेलं तळं : बाबांसोबत तंबूतल्या दोन रात्री

बाबा ९ जून २०२४ ला शिकागोला उतरले. पहिले पंधरा दिवस नातीच्या कौतुकात गेले, मग इथे आलेल्या सगळ्याच आईवडिलांचं होतं तसं झालं. आम्ही दोघं सकाळी लॅपटॉपपुढे, लेक समर कॅम्पला, आणि बाबा घरात. गाडी चालवता येत नाही, पायी जावं असं जवळ काही नाही. एका दुपारी मीटिंग संपवून खाली आले तर ते मागच्या नळाला जुन्या चपलेच्या रबराचं वायसर कापून बसवत होते. चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढलेला, साताऱ्याकडच्या धोम धरणाच्या कालव्यावर उन्हापावसात फिरलेला माणूस आमच्या घरात गळकी तोटी शोधत होता. त्या दिवशी ठरवलं, यांना मोकळ्यावर न्यायचं. मॉल नाही, मंदिर नाही, कुणाच्या घरचा पॉटलक नाही. पाण्याकाठी, उघड्यावर दोन रात्री.

मी स्वतः आयुष्यात कधी तंबूत झोपले नव्हते. बाबा एकाहत्तरचे, २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली, उजवा गुडघा कुरकुरणारा. लेक आठ वर्षांची. माहिती शोधायला बसले तेव्हा जे सापडलं ते सगळं तरुण, धडधाकट लोकांनी लिहिलेलं. वयस्कर आईवडिलांना घेऊन कसं जायचं हे मराठीत कुठे दिसलं नाही, म्हणून हे जरा तपशिलात लिहितेय.

जागा ठरवायला वेळ लागला नाही. विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क आमच्या घरापासून गाडीने साधारण तीन तास. बाराबू गावाच्या दक्षिणेला ३६० एकरांचं तळं, दोन्ही अंगांना ५०० फुटांचे कडे, आणि भोवती ९,००० एकरांहून जास्त जंगल. १९११ साली स्थापन झालेलं हे पार्क त्या राज्यात सगळ्यात जास्त गर्दी खेचतं. आणि अडचण नेमकी तिथेच होती.

विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कमध्ये तंबूच्या जागेचं बुकिंग ११ महिने आधी उघडतं, तिथल्या वेळेनुसार (सेंट्रल टाइम) सकाळी नऊला. आपण ज्या दिवशी राहायला जाणार त्या तारखेच्या बरोबर ११ महिने आधी लोक बोट ठेवून बसलेले असतात. मी शोधायला लागले जूनच्या शेवटच्या आठवड्यात. उन्हाळ्यातला एकही शनिवार-रविवार शिल्लक नव्हता. सोमवार ते गुरुवार जागा दिसत होत्या, पण दोघांच्याही नोकरीत ते जमेना. मग रोज सकाळी उठल्या उठल्या साइट उघडायची सवय लावून घेतली. लोकांचे बेत बदलतात, ते रद्द करतात आणि त्यांची जागा परत यादीत येते. २ जुलैला, मंगळवारी, सकाळी पावणेसातला आईस एज कॅम्पग्राउंडमध्ये १६ आणि १७ ऑगस्टच्या रात्री मोकळ्या दिसल्या. हात थरथरत होते, पण जागा मिळाली. ७ डॉलर ९५ सेंट आरक्षण शुल्क धरून दोन रात्रींचे शंभर डॉलरच्या आतच झाले.

बुकिंग झालं म्हणजे सगळं झालं, असं मला वाटलं होतं. तसं नसतं. गाडीचा प्रवेश वेगळा. काचेवर स्टिकर लागतो आणि त्याचा दर गाडीच्या नंबरप्लेटवर ठरतो. आमची प्लेट इलिनॉयची, म्हणजे परराज्यातली. २०२४ साली या पार्कमध्ये अशा गाडीला एका दिवसाचे १६ डॉलर होते आणि वर्षाचा स्टिकर ३८ डॉलरला होता. शुक्रवार, शनिवार, रविवार मिळून ४८ झाले असते, म्हणून सरळ वर्षाचा घेतला. तो राज्यातल्या बाकीच्या स्टेट पार्कांनाही चालतो, मात्र कॅलेंडर वर्षापुरताच. डिसेंबरात घेतलात तर ३१ तारखेला संपतो, हे ध्यानात असू द्या.

मधले सहा आठवडे तयारीत गेले, आणि मला भीती होती ती फक्त रात्रीची. दिवसा काय, माणूस कुठेही बसतो. रात्री बाबा जमिनीवरून उठणार कसे, लघवीला जाणार कुठे, पाऊस आला तर काय, छातीत दुखलं तर काय, हे चार प्रश्न मी वहीत लिहून काढले आणि एकेक मार्गी लावला.

जमिनीवरून उठण्याचा प्रश्न घडीच्या खाटेने सुटला. साठ डॉलरची, लष्करी कापडाची. मात्र ती तंबूत मावायला हवी, म्हणून सहा जणांचा, उभं राहता येईल एवढा तंबू एका दुकानातून भाड्याने घेतला. आदल्या शनिवारी मागच्या अंगणात तो लावून पाहिला तर एक दांडी कमी! दुकानात परत जाऊन ती आणली. घरी लावून पाहिला नसता तर हेच जंगलात, अंधार पडताना कळलं असतं. भाड्याचा असो नाहीतर नवाकोरा, तंबू घरी एकदा उभा केल्याशिवाय गाडीत टाकू नका.

स्वच्छतागृहासाठी पार्कचा नकाशा कामाला आला. प्रत्येक जागेचा नंबर त्यावर असतो. आमची जागा स्वच्छतागृहापासून पन्नास-साठ पावलांवर होती. म्हटलं तर नशीब, पण तुम्हाला निवडीची संधी असेल तर तेवढंच अंतर ठेवा. त्याहून जवळ घेतलंत तर रात्रभर दार आपटल्याचे आवाज आणि दिव्याचा उजेड. दुखण्याखुपण्याचं म्हणाल तर बाबांचा प्रवासी विमा काढलेला होता, पण त्यात आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते मी पहिल्यांदाच नीट वाचलं आणि फोन करून विचारूनही घेतलं. बाराबूतलं रुग्णालय पंधरा मिनिटांवर आहे हे पाहून ठेवलं. साताऱ्याच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, चढ हळू चढा, गोळ्या चुकवू नका, बाकी खुशाल जा. गोळ्यांचे दोन संच केले, एक बाबांच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये.

शुक्रवारी, १६ ऑगस्टला, साडेअकराला निघालो. रॉकफर्डपर्यंत टोल, विस्कॉन्सिनात शिरलं की टोल नाही. जागेचा ताबा दुपारी तीननंतर मिळतो, त्यामुळे घाई नव्हती. पार्कच्या कचेरीत नाव सांगितलं, स्टिकर आधीच लावलेला होता, आणि तिथल्या मुलीने विचारलं, "लाकूड आणलंय का? कुठून?"

आणलं होतं. घरामागे तोडलेल्या झाडाच्या ढलप्या, चांगल्या दोन पिशव्या भरून. तिने शांतपणे समजावलं की पार्कमध्ये फक्त १० मैलांच्या आतलं किंवा राज्याने प्रमाणित केलेलं सरपण चालतं, कारण लाकडातून किडी आणि झाडांचे रोग एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. एमरल्ड अ‍ॅश बोरर नावाच्या हिरव्या भुंग्याने इथली अ‍ॅशची झाडं अशीच संपवली आहेत. हा नियम मी वाचायला हवा होता. पिशव्या तिथेच देऊन टाकल्या आणि पार्कमधलं सरपण विकत घेतलं. बाबांना मात्र तिचं बोलणं मनापासून पटलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "बरोबर आहे तिचं. आपल्याकडं जलपर्णी अशीच एका तळ्यातनं दुसऱ्यात गेली."

तंबू तासाभरात उभा राहिला. संध्याकाळी पिठलं केलं, घरून आणलेल्या दशम्या होत्या, आणि तिखट-मिठाच्या पुऱ्यांचा डबा व लसणीची चटणी टेबलावर, वर ताणलेल्या मेणकापडाखाली, तशीच ठेवून आम्ही आडवे झालो. अकरा ते सहा शांततेची वेळ असते आणि लोक ती खरंच पाळतात. रातकिड्यांशिवाय आवाज नव्हता.

दीडच्या सुमारास पाऊस आला. तंबूवर पडणारा पाऊस आत फार मोठा वाटतो. मी उठून बसले, टॉर्च घेऊन कोपरे चाचपत राहिले. लेक गाढ झोपलेली, नवरा कुशीवर वळलेला. अंधारातून बाबांचा आवाज आला, "झोप गं. वरचं कापड आतल्याला चिकटलेलं नाही ना? मग नाही गळत. कालव्याच्या चौकीवर पत्र्याला भोकं होती, तिथंबी झोपलोय." मग बहुधा मलाही झोप लागली असावी, कारण जाग आली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि बाबांची खाट रिकामी होती.

घाबरून बाहेर आले. ते टेबलाशी वाकून काहीतरी बघत होते. पुऱ्यांचा डबा उघडा, रिकामा, जमिनीवर. चटणीची बाटली आडवी. आणि बाकावर, सांडलेल्या लाल चटणीत उमटलेले पंजे. पाच बोटं, लांबट, अगदी रांगत्या बाळाच्या हातासारखी. रॅकून नावाचं इथलं रात्री फिरणारं जनावर होतं. त्या रॅकूनने डब्याची क्लिप उघडली होती, तोडली नव्हती. लेक उठून आली आणि तिने ते ठसे मोजले, अकरा. चटणी त्याला झेपली की नाही हा प्रश्न तिला दिवसभर पडला. या गावात खाण्याचा प्रत्येक कण रात्री गाडीत, काचा वर करून. टूथपेस्टसुद्धा. जनावराला माणसाच्या खाण्याची चटक लागली की त्यात त्याचंच वाईट होतं, आणि ती मी लावली याचं मला अजून वाईट वाटतं.

शनिवारी आठ वाजताच उत्तर किनाऱ्यावर गेलो. सुट्टीच्या दिवशी दहा-अकरापर्यंत तिथली पार्किंगची जागा भरते, मग गाड्यांची रांग लागते. आठला मात्र पाणी आरशासारखं होतं. बाबा काठावर उभे राहिले, एक हात कपाळावर आडवा धरून त्यांनी दोन्ही टोकं न्याहाळली आणि पहिला प्रश्न विचारला, "याला सांडवा कुठाय?"

सांडवा म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर पडायची वाट. मला उत्तर येत नव्हतं. तिथल्या माहितीफलकांवरून आणि निसर्गकेंद्रातून जे कळलं ते असं. ही मुळात एका नदीची घळ. शेवटच्या हिमयुगात हिमनदी दोन्ही बाजूंनी आली आणि वितळताना घळीच्या दोन्ही तोंडांशी दगडमातीचे ढीग टाकून गेली. मधे पाणी अडलं, तेच हे तळं. एक छोटा ओढा आत येतो, पण पृष्ठभागावरून बाहेर जाणारी वाट नाही. पाणी झिरपतं आणि उडून जातं, तेवढंच. शेतांमधून आलेलं फॉस्फरस वर्षानुवर्षं तळाशी साठलं आणि शेवाळ वाढलं, म्हणून २००२ साली तळाचं पाणी ओढून बाहेर सोडणारा सायफन बसवला.

हे वाचून दाखवताना बाबांचा चेहरा जूननंतर पहिल्यांदा उजळलेला पाहिला. "दोन्हीकडनं मातीचा भराव," ते म्हणाले, "आणि पिचिंगचं दगडी अस्तर नाही, गळतीचा चर नाही, काही नाही. तरी एवढी हजारो वर्षं पाणी धरून आहे." आणि सायफन म्हटल्यावर त्यांनी लेकीला पाण्याची बाटली आणि नळीचा तुकडा मागितला. नळी कुठली असणार तिथे? सरबताची स्ट्रॉ वाकवून त्यांनी तिला दाखवलं की पाणी आधी वर चढून मग खाली कसं जातं. बाजूच्या टेबलावरची दोन मुलंही येऊन उभी राहिली. बाबांचं मराठी आणि मुलांचं इंग्रजी, पण पाणी वाहायला लागल्यावर सगळे एकदमच ओरडले.

इथले मूळ रहिवासी असलेले होचंक लोक या तळ्याला पवित्र तळं म्हणतात. "सैतानाचं" हे नाव नंतर आलेल्या गोऱ्यांनी दिलेलं. काठाजवळ होचंकांच्या पूर्वजांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी घडवलेले मातीचे उंचवटे आहेत, एक पक्ष्याच्या आकाराचा, पंख पसरलेला. गवत वाढलेलं असल्यामुळे चटकन ओळखू येत नाही. फलक वाचा आणि त्यांच्यावर पाय देऊ नका. बाबांनी लांबूनच नमस्कार केला.

वर चढायच्या वाटा पूर्व कड्यावर जास्त प्रसिद्ध आहेत, बॅलन्स्ड रॉक, डेव्हिल्स डोअरवे. १९३० च्या दशकात मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी इथे दगडी पायऱ्या बांधल्या. पायऱ्या उंच आहेत, कठडा नाही, ओल्या असल्या की घसरतात. बाबांसाठी आम्ही पश्चिम काठावरची टंबल्ड रॉक्स वाट धरली. साधारण मैलभर, जवळजवळ सपाट, कड्यावरून कोसळलेल्या दगडांच्या राशीतून पाण्याच्या कडेकडेने जाते. गुडघे दुखणाऱ्यांना घेऊन येणाऱ्यांनी हीच धरावी, किंवा दक्षिण टोकाची ग्रॉटोज वाट. हातात काठी मात्र असू द्या.

हा दगड आपल्या सह्याद्रीसारखा काळा नाही. जांभळट, कुठे वांग्याच्या सालीसारखा, कुठे फिकट गुलाबी. क्वार्टझाइट. अर्ध्या वाटेवर दम खायला थांबलो तिथे खाटेएवढी एक शिळा तिरपी पडली होती आणि तिच्यावर समांतर वळ होते, बोटभर अंतराचे. मला ती कुणीतरी छिन्नी मारल्यासारखी वाटली. बाबांनी तळवा ठेवून आडवा फिरवला, पुन्हा फिरवला. "वाळू आहे ही," ते म्हणाले. "कृष्णेचं पाणी उतरलं की वाळूवर अशाच लाटा राहतात. हात लावून बघ." खरंच होतं ते. १६० कोटी वर्षांपूर्वीच्याही आधी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाच्या वाळूवर पाण्याने काढलेले हे वळ. ती वाळू दबून, भाजून दगड झाली आणि वळ तसेच राहिले. आपल्या दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. आम्ही तिघं त्या शिळेवर हात ठेवून बराच वेळ उभे होतो. मागून येणारे लोक वळसा घालून जात होते, कुणी काही बोललं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या काठाने मालगाडी गेली. रेल्वेचा रूळ पूर्व कड्याच्या पायथ्याने पार्कमधूनच जातो. भोंगा दोन्ही कड्यांवर आदळून परत आला तसे बाबा म्हणाले, "वाठार स्टेशनला असल्यासारखं वाटलं बघ."

दुपारी पोहणं. इथे जीवरक्षक नसतात, हे ठळकपणे सांगते. वाळूचा किनारा आहे, पाणी स्वच्छ आहे, पण मुलांवर डोळा आपलाच ठेवावा लागतो. आम्ही पाळी लावली, एकाने पाण्यात उतरायचं, एकाने फोन बाजूला ठेवून काठावर फक्त बघायचं. कयाक, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होड्या, भाड्याने मिळतात, जीवरक्षक जाकिटासकट. पेट्रोलच्या इंजिनाच्या बोटींना बंदी असल्याने पाण्यावर घरघर नाही. बाबा कयाकमध्ये बसतील असं मला वाटलं नव्हतं. बसताना नवऱ्याने बोट धरली, मी हात धरला, आणि वीस मिनिटं ते आणि लेक काठाकाठाने फिरून आले. संध्याकाळी सगळ्यांचे पाय, गुडघ्यामागची बाजू, कानामागे, केसांत गोचिडी पाहिल्या. इथल्या हरणांच्या गोचिडीतून लाइम नावाचा आजार होतो, त्यामुळे कंटाळा न करता रोज बघायचं. लेकीच्या मोज्यावर एक सापडली, चावलेली नव्हती.

दोन दिवसांवर नारळी पौर्णिमा होती. जेवण उरकून पुन्हा किनाऱ्यावर गेलो तेव्हा चंद्र जवळजवळ पूर्ण झालेला, कड्याच्या काळ्या रेघेवरून वर आला. बाबांनी पायजमा वर खोचला, घोट्याइतक्या पाण्यात उभे राहिले आणि ओंजळीत पाणी घेऊन तिथेच परत सोडलं. आई असती तर नारळीभात झाला असता, एवढंच बोलले.

रविवारी जागा सोडायची होती. तंबू ओला होता, तो वाळवायला उन्हात पसरला. चहा घेताना बाबांनी विचारलं, "ते अकरा महिन्यांचं काय म्हणत होतीस?"

मी तारीख मोजली. १८ ऑगस्टपासून ११ महिने पुढे म्हणजे १८ जुलै २०२५, शुक्रवार. घड्याळात आठ पस्तीस झाले होते. तंबूच्या जागेवर फोनला रेंज नीट येत नव्हती, म्हणून चहा तसाच ठेवून आम्ही दोघं गाडी घेऊन वरच्या रस्त्याला गेलो, दोन कांड्या दिसल्या तिथे थांबलो. नऊला एक मिनिट असताना मी पान ताजं केलं. बाबा चष्मा पुसून मांडीवर नकाशा उघडून बसले होते, त्यांनी पेन्सिलने तीन जागांना गोल केले होते. पहिली गेली. दुसरीवर बोट दाबलं आणि ती मिळाली.

"संडासापासून किती लांब आहे?" मी विचारलं.

त्यांनी नकाशावर नखाने अंतर मोजलं. "सत्तर पावलं," ते म्हणाले. "आणि पाण्याचा नळ समोरच आहे. गळत असला तर वायसर घेऊन येईन."